कॅप्टनबाईंचा इस्त्रीचा झेंडा

आमच्या कॅप्टनबाईंकडे शिट्टी नव्हती. गाईडच्या मुलींचं पथक चालवणारी बाई आणि गळ्यात शिट्टी नाही, म्हणजे आचाऱ्याकडे झारा नसावा तसं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शिट्टी वाजली की गाडी सुटते. सगळा जन्म स्टेशनात गेला माझा, शिट्टी ऐकून थांबलेला माणूस मी बघितला नाही. मला पोरी थांबायला हव्यात, पळायला नकोत."

मग शिट्टीच्या जागी काय? तर "दुतियंपि!"

ज्यांनी विहारात बसून वंदना म्हटलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बौद्ध माणसं बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो, ते एकदा म्हणून भागत नाही. एकदा म्हणायचं, मग 'दुतियंपि' म्हणजे दुसऱ्यांदाही म्हणायचं, आणि मग 'ततियंपि', तिसऱ्यांदाही. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं. कॅप्टनबाईंनी ते उचललं आणि थेट दोरीच्या गाठींना लावलं. रीफ नॉट मारायची तर पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून. "दुतियंपि!" की डोळे मिटून. "ततियंपि!" की हात पाठीमागे घेऊन. तिसऱ्या वेळी गाठ खोटी पडली तर सगळं पहिल्यापासून. खोटी गाठ हा त्यांचाच शब्द. "दिसायला खरीसारखीच असते गं. वजन पडलं की कळतं."

एका रविवारी आमच्या विहारात भन्तेजी, म्हणजे आमचे भिक्खू, आले होते. आत त्यांचं अंगावरचं भगवं चिवर वाळत घातलेलं, बाहेर अंगणात आम्ही दोऱ्या घेऊन बसलेल्या, आणि बाई ओरडतायत "ततियंपि, ततियंपि!" आमच्या तोंडचं पाणी पळालं. आता ऐकून घ्यावं लागणार. भन्तेजी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, वंदनेचा हुकूम केलात की हो." बाईंनी हात जोडले. "भन्ते, शरण जायचं तर तीनदा म्हणतो. मग शिकायचं ते एकदाच का?" भन्तेजी हसले, पायरीवर टेकले आणि त्यांनीच एक गाठ मारून दाखवली. खोटी निघाली. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही.

बाई मूळच्या मनमाडच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. तिथल्या शाळेत गाईड झाल्या, आणि त्याच कोट्यातून रेल्वेत लागल्या. नाशिकरोडला पार्सल ऑफिसात. "मला दोरीने पोसलंय," असं त्या म्हणायच्या आणि त्याची परतफेड असल्यासारखं दिसेल ते बांधायच्या. पर्समध्ये सुतळीचा गुंडा कायम. चष्मा सुतळीला, किल्ली सुतळीला, स्कूटीचा आरसा सुतळीने आवळलेला. आमच्या घरी बसल्या की बोलता बोलता आईचा पडदा खिडकीला बांधून टाकायच्या, आणि अशी गाठ की पपांना ती सोडवता यायची नाही. आई म्हणायची, "ही बाई पुन्हा आली तर आधी पडदे काढून ठेवा."

लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे कॉलनीतल्या प्रत्येक बाईने त्यांना एकेकदा विचारून घेतलं होतं. तिसऱ्यांदा कुणीच विचारलं नाही, त्यामुळे कुणालाच कळलं नाही.

कारण तोच त्यांचा नियम होता. जगण्याचाच नियम म्हणा ना. "पहिल्यांदा तोंड बोलतं, दुसऱ्यांदा रीत बोलते, तिसऱ्यांदा माणूस बोलतो." चहा घेणार का? नको. घ्या हो. नको. अहो, घ्या ना! मग "आणा." शेजारची नवी सून बिचारी शहाणी, एकदा नको म्हटल्यावर तिने पातेलं खाली ठेवलं. बाई तासभर कोरड्या घशाने बसल्या आणि जाताना तिला म्हणाल्या, "तुझा स्वभाव सरळ आहे हो. पण पाहुण्याला मारशील एक दिवस."

दुसऱ्याला विचारायचं तरी तीनदाच. त्याहून जास्त नाही. चौथ्यांदा विचारणं म्हणजे भीक, असं त्यांचं म्हणणं.

मला पथकात पाठवायला पपा तयार होते. वंदना, कवायत, पांढरा ड्रेस, निळा स्कार्फ, इथवर सगळं चाललं. शिबिराचं नाव निघालं आणि पपांनी रिक्षाचा हॉर्न वाजवावा तसा आवाज काढला. "पोरगी तंबूत राहणार? चालणार नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई हजर. "जय भीम. मुलीला शिबिराला पाठवता का?" पपा म्हणाले, "नाही." बाई म्हणाल्या, "बरं." चहा घेतला (तीनदा विचारून) आणि गेल्या. पुढच्या दिवशी पुन्हा. "मुलीला पाठवता का?" "बाई, काल सांगितलं ना?" "बरं." चहा. तिसऱ्या दिवशी त्यांची स्कूटी वळताना दिसली आणि पपा ओट्यावरूनच ओरडले, "न्या हो न्या! घरातली साखर संपवाल तुम्ही!"

बाईंनी स्कूटी स्टँडवर लावली, चपला काढल्या, आत येऊन बसल्या. म्हणाल्या, "थांबा. मी अजून विचारलं नाही." आणि रीतसर विचारलं. पपांनी हात जोडून रीतसर हो म्हटलं. मी आतून ऐकत होते, हातात स्कार्फ घेऊन.

ते शिबिर दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत होतं. बागायतदार बाईंच्या ओळखीचे. त्यांच्या द्राक्षांच्या पेट्या पार्सलला लावताना कधी हलगर्जी झाली नाही म्हणून त्यांना बाईंचं कौतुक. आम्हाला म्हणाले, "ऱ्हावा बागेत, सावली गार हाय." तंबू बाजूच्या पडीक तुकड्यात आणि दुपारचं जेवण, विश्रांती, धडे सगळं वेलींच्या मांडवाखाली. फेब्रुवारी असेल. डोक्यावर हिरवे-पिवळे घड असे लोंबलेले की उभं राहिलं की नाकाला लागावेत. आणि आमच्या पंचशीलातलं दुसरं शील काय? न दिलेलं घ्यायचं नाही. बाईंनी त्यावर एक शब्दही उच्चारला नाही. नुसत्या बसून राहिल्या, सुतळी वळत. आम्ही आळीपाळीने आवंढे गिळत होतो. एकीने तर डोळ्यांवर स्कार्फ बांधून घेतला, म्हणाली, "मला दिसलंच नाही तर बरं."

निघायच्या दिवशी बागायतदार फेरफटका मारायला आले. वर बघतायत, खाली बघतायत. "बाई, पोरींनी येक मणी बी तोडला नाय?"

"नाही."

"का वो? आंबट हायेत का?"

"तुम्ही खा म्हणाला नव्हता."

"अहो, ह्यात म्हनायचं काय? लय माल हाय!"

"तेच तर म्हणायचं असतं," बाई म्हणाल्या.

ते गोंधळले. आमच्याकडे वळून म्हणाले, "घ्या गं." आम्ही सगळ्या बाईंकडे बघतोय. बाई सुतळीकडे बघतायत. "अगं घ्या की!" कुणी हललं नाही. तेव्हा त्या भल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बायांनो, हात जोडतो, घ्या, मला पाप लागंल!"

बाईंनी मान डोलवली. पुढचं काय सांगू? टोळधाड परवडली. मुकाट बसलेल्या पोरी वेलींना लटकल्या. पण त्या दिवसापासून दर हंगामाला त्यांच्याकडून विहारात पेटी यायची आणि मागून फोन यायचा, "बाई, पाठवल्यात. घ्या, घ्या, घ्या." एका दमात तीनदा, म्हणजे भानगड नको.

आता झेंड्याचं सांगते. कारण खरा जीव बाईंचा तिथे अडकलेला होता.

आमच्या विहाराची रीत अशी की वैशाख पौर्णिमेला, ऊन चढायच्या आत, सगळी कॉलनी डोंगरातल्या त्रिरश्मी लेण्यांवर जाते. पायथ्यापासून रांग लागते. वडीलधारी पुढे, कारण रांगेने त्यांच्या चालीने चालायचं, कुणी म्हातारं मागे सुटू नये. चांगला नियम, विहाराच्या अध्यक्षकाकांनीच घातलेला. आणि म्हाताऱ्यांना हात द्यायला त्यांच्याबरोबर मुलांचं पथक, म्हणून पंचरंगी झेंडाही मुलांच्या हातात. आम्ही मुली सगळ्यात शेवटी, पाण्याचे जार आणि फुलांच्या पाट्या घेऊन.

आमच्या पथकाने स्वतःचा झेंडा शिवला होता. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी, सगळे पट्टे सरळ, आणि कोपऱ्यात भरतकामात एक रीफ नॉट. बाई अध्यक्षकाकांकडे गेल्या. "यंदा मुलींचा झेंडा पुढे नेऊ." काका माणूस वाईट नव्हता, फक्त एकदा बसला की उठायचा नाही, त्याच्या त्या लाकडी हातांच्या खुर्चीसारखाच. म्हणाला, "बाई, जो म्हाताऱ्यांना धरतो त्याचा झेंडा पुढे. तुमच्या पोरींना कुणाला उचलता येणार आहे का?" पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा. काका म्हणाला, "मागे झेंडा घेऊन चाला हवं तर." बाई म्हणाल्या, "मागे झेंडा म्हणजे मिरवणूक उलटी." आणि उठल्या. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

आम्हाला राग आला. माझ्यासारखीला तर फारच. मी म्हटलं, "कॅप्टन, भांडा ना!" तर म्हणतात कशा, "गाडीचा गार्ड कुठे असतो?" "शेवटच्या डब्यात." "इंजिन पुढे बोंबलतं. पण गार्डाने झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. मागे चालणाऱ्याला सगळी रांग दिसते. बघायला शिका." आणि खरंच, आम्ही बघायला शिकलो. कोण धापा टाकतंय, कुणाची चप्पल तुटलीय, कुणाला चक्कर येणार आहे, हे आम्हाला त्याच्या आधी कळायचं.

पण मला एक गोष्ट माहीत होती. दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाई तो झेंडा कपाटातून काढायच्या, पाणी शिंपडून इस्त्री करायच्या, घडी घालून पिशवीत ठेवायच्या. पिशवी पायथ्यापर्यंत यायची, लेण्यांपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. घडी न मोडता. एकदा मी त्यांना घडी घालताना बघितलं. चेहरा असा झाला होता की मी दारातूनच परतले.

आणि काकाने तिसऱ्यांदा नाही म्हटलं त्याच वर्षापासून पथकात एक नवा उद्योग सुरू झाला. उचलायचा. दोन बांबू, एक खुर्ची, दोरी. आधी तांदळाचं पोतं बसवून, मग पथकातली लहान पोर, मग कॉलनीतल्या जाड्या मावशी, ज्यांना हसू आवरायचं नाही आणि खुर्ची डुलायची. चालताना पावलं जुळली पाहिजेत, चढावर पुढच्यांनी बांबू खाली आणि मागच्यांनी वर घ्यायचा, म्हणजे बसलेला माणूस मागे कलंडत नाही. "दुतियंपि! ततियंपि!" कशासाठी ते बाईंनी सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, "पौर्णिमेला कुणा आजींना बसवूया की. काकांचं तोंड बंद होईल." बाई भडकल्या. त्यांना भडकलेलं मी तेवढंच बघितलं. "म्हातारं माणूस म्हणजे तुझ्या झेंड्याची काठी आहे का? ज्याला चालता येतं त्याला चालू द्यायचं."

वर्षं गेली. मी मोठी झाले, मेडिकल दुकानात लागले, लग्न करूनही कॉलनीतच राहिले. बाई रिटायर झाल्या आणि पथक माझ्या हातात दिलं. देताना शिट्टी घेऊ नकोस एवढंच म्हणाल्या. मग त्यांचे गुडघे गेले. आयुष्यभर पार्सलं ढकलली, ते वसूल झालं. काठी आली. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. मागच्या वैशाखात त्या म्हणाल्या, "मी रिक्षाने पायथ्यापर्यंत येते. तुम्हाला निरोप देते आणि तुझ्या पपांबरोबर परत जाते."

पथकातल्या पोरींनी ते ऐकलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

अडचण खुर्चीची होती. विहारातल्या सगळ्या खुर्च्या प्लास्टिकच्या, आणि आमच्या कॅप्टनबाई काही पिसासारख्या नव्हत्या. दणकट हातांची लाकडी खुर्ची सबंध कॉलनीत एकच. मी संध्याकाळी दोन पोरींना घेऊन अध्यक्षकाकांकडे गेले. काका आता थकलेला, पण बसलेला त्याच खुर्चीत.

"काका, खुर्ची पाहिजे."

"कशाला?"

"कॅप्टनबाईंना लेण्यांवर न्यायचंय. आम्ही उचलून नेणार."

काकाने खुर्चीचे हात घट्ट धरले. मी म्हटलं, "काका, खुर्ची द्याल का?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाजूची पोरगी हळूच म्हणाली, "ततियंपि." मी तिसऱ्यांदा विचारलं.

काका उठला. दोन्ही हातांवर जोर देऊन, सावकाश. खुर्ची आमच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "पाय मोडू नका."

"खुर्चीचे की बाईंचे?" मी म्हटलं. जीभ माझी.

तो हसला. "दोन्हीचे. आणि सकाळी पुढे उभ्या राहा. म्हातारं माणूस पुढे आणि त्याला धरणाराही पुढे. माझाच नियम आहे ना." मग म्हणाला, "बाईंना सांग, मी म्हटलंय म्हणून."

सकाळी पायथ्याशी सगळी कॉलनी जमलेली. बाई पांढऱ्या साडीत, पपांच्या रिक्षातून उतरून दगडी कठड्यावर बसलेल्या, काठी आणि पिशवी मांडीवर. पोरींनी खुर्ची आणून समोर ठेवली, बांबू बांधलेली.

"कॅप्टन, बसा," मी म्हटलं.

"वेडी झालीस का? मला काय डोलीत बसवतेस? नाही."

"कॅप्टन, बसा."

"लोक बघतायत गं. नाही म्हटलं ना."

मी पोरींकडे बघितलं. त्या सगळ्या एकदम म्हणाल्या, "कॅप्टन, बसा!" आवाज डोंगराला लागून परत आला.

बाई उठल्या. काठी टेकत खुर्चीपाशी आल्या. आम्हाला वाटलं बसतील. छे! वाकून एकेक गाठ तपासायला लागल्या. बोट घालून, ओढून, कान लावून. पाठीमागच्या डाव्या बांबूपाशी थांबल्या. "ही कुणी मारली?" एक पोरगी पुढे आली, चेहरा पांढराफटक. बाईंनी एका झटक्यात गाठ सोडली आणि दोरी तिच्या हातात दिली.

"दुतियंपि."

मागे अख्खी रांग उभी. भन्तेजी, अध्यक्षकाका, मुलांचं पथक, सगळ्या आजी-आजोबा. ऊन चढायला लागलेलं. पोरीने गाठ बांधली. बाईंनी ओढून बघितली, मान डोलवली, आणि बसल्या. मग मांडीवरची पिशवी उघडली. आतून झेंडा निघाला. इस्त्रीचा, घडीचा, कोपऱ्यात रीफ नॉट.

मी म्हटलं, "वर जायचंच नव्हतं तर झेंडा कशाला आणलात?"

"विचाराल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तीनदा विचाराल का, तेवढीच धास्ती होती."

पोरींनी खुर्ची उचलली. पुढच्यांनी बांबू खाली घेतला, मागच्यांनी वर, पावलं जुळली. वर कॅप्टनबाई ताठ बसलेल्या, दोन्ही हातांत झेंडा धरून, आणि सगळी कॉलनी मागून चाललेली, आमच्या चालीने. मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. दुसरा शब्द शोधायला मी जाणार नाही.

पहिल्या वळणावर मुलांच्या पथकाचा लीडर धावत आला. जिमला जाणारा, दंड असे फुगलेले. पुढचा बांबू धरलेल्या पोरीला म्हणाला, "ताई, दमला असाल. आम्ही घेऊ का?"

तिचं तोंड लाल झालेलं, घाम डोळ्यांत चाललेला. तिने मान वळवली नाही.

"एकदाच विचारलंत," ती म्हणाली.

वरून कॅप्टनबाईंचं हसू ऐकू आलं. तो पोरगा गुणाचा, पुढच्या वळणावर त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा आमचा झेंडा लेण्यांपाशी पोचला होता.